जमुनाबाईंच्या विहिरीतला थेंब

तीस वर्षं मी वर्गात हायड्रा, गोड्या पाण्यातला इवलासा प्राणी, शिकवला, पण जिवंत हायड्रा एकदाही पाहिला नव्हता. निवृत्त होईपर्यंत ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. फळ्यावर मात्र तो मी झोकात काढायची. खाली बारीक नळी, वर सहा-सात लांब हात, कुशीला फुटलेलं पिल्लू. प्रयोगशाळेत गुलाबी रंगवून काचेत कायमचा चिकटवलेला एक असायचा. मुलं तो पाहायची, आकृती काढायची, पास व्हायची.

यवतमाळच्या एका कॉलेजात मी नऊ वर्षं होते. तिथले प्रयोगशाळेतले शिपाई रामधनभाऊ एकदा माझा फळा पुसता पुसता म्हणाले, "म्याडम, हे आमच्या नाल्यात असते." मी "असं का?" म्हटलं आणि वह्या तपासत राहिले. पुढे मी पुण्याला आले. रामधनभाऊ दिवाळीला फोन करत, मी ख्यालीखुशाली विचारी. यंदा भाचीनं मला मोबाइलला चिमट्यानं लावायचं एक सूक्ष्मदर्शक भेट दिलं. सुपारीच्या डबीएवढं, आत इवलासा दिवा. सोबत त्याहून जास्त ताकदीचं, घडी घालून पर्समध्ये मावणारं आणखी एक. मी बाल्कनीतल्या कुंडीतलं शेवाळं, फुलदाणीतलं पाणी, सगळं पाहून संपवलं. मग रामधनभाऊंना फोन लावला.

"तो हायड्रा अजून आहे का हो तुमच्या नाल्यात?"

"थो कुठी जाते म्याडम? तुमीच आल्या नाही." मग जरा थांबून म्हणाले, "थंडीतच या. उन्हायात नाला आटते."

राळेगाव

वर्ध्याला उतरून एसटीनं निघाले. राळेगावला पोचल्यावर चालक म्हणाला, टायर बदलावा लागते, अर्धा-पाऊण तास तरी जाईन. रस्त्याला लागूनच कापसाचं वावर होतं. चिपळूणच्या लाल मातीत वाढलेल्या माणसाला ही काळी जमीन नऊ वर्षं पाहूनही नवी वाटते. मी बांधावर गेले, पऱ्हाटीचं, कापसाच्या झाडाचं, एक पान उलटं केलं आणि भिंग लावलं.

पानाच्या शिरेशी मावा बसला होता. हिरवट काचेचे मणी असावेत तसे किडे, आणि त्यातली एक मादी त्याच क्षणी पिल्लू घालत होती. पिल्लाचे पाय हवेत हलत होते. मी श्वास रोखून फोटो घेत राहिले. कापूस वेचणाऱ्या दोघीजणी ओटीतला कापूस सांभाळत जवळ आल्या. मी पडदा त्यांच्यासमोर धरला.

"पाहा, बाळंत होतेय."

थोरलीनं पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बाई, बाळंतपन झालं असन तं आता यायचं औषध सांगा. आमाले त्यायचे फोटो नाही पाह्यजे."

दोघी हसल्या, मीही हसले, पण औषध मला ठाऊक नव्हतं. त्यांनी मला ओंजळभर तुरीच्या ओल्या शेंगा दिल्या. त्या सोलून खात मी बसमध्ये चढले. आपल्याला जे सुंदर दिसतं ते दुसऱ्याच्या पोटावर बसलेलं असू शकतं, एवढं त्या दोघींनी हसत हसत सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते मला आठवायला हवं होतं, आठवलं नाही.

तांडा

मुकुटबनला रामधनभाऊ थांब्यावर उभे होते. केस पांढरे झालेले, पाठ मात्र तशीच ताठ. काचसामानाचा ट्रे दोन्ही हातांवर घेऊन जिना चढणाऱ्या माणसाची ती पाठ. माझी पिशवी त्यांनी स्कूटरला पुढे अडकवली आणि आम्ही त्यांच्या तांड्यावर गेलो. पंचवीस-तीस घरं, बहुतेक पक्की, कौलं थोडी आणि पत्रे जास्त. भोवती तूर, हरभरा, कापूस आणि पलीकडे झरी जामणीकडे जाणाऱ्या जंगलाची कड. पूर्वी या बंजारा लोकांचे वाडवडील बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आता इथेच शेती करतात. आपसात गोरबोली बोलतात, आल्यागेल्याशी वऱ्हाडी.

जमुनाबाई दारातच होत्या. रामधनभाऊ यवतमाळला खोली करून राहत आणि शनिवारी गावी येत. त्यामुळे नऊ वर्षांत मी त्यांच्या पत्नीला कधी पाहिलंच नव्हतं. ठेंगणा बांधा, करड्या भुवया, नजर एकदम थेट.

"आव, बेस," त्या म्हणाल्या. मग मला कळलं नसेल असं वाटून, "या बाई, बसा जी. पानी घ्या."

पाणी गोड होतं. माठातलं थंड. मी दोन पेले प्यायले. संध्याकाळी जेवायला सोल्याची भाजी होती, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची, हिरव्या मिरचीत वाटलेली. जमुनाबाई म्हणाल्या, "बाटी घ्या." मी ताटात वरणातली गोल बाटी शोधू लागले. रामधनभाऊंना हसू आवरेना. गोरबोलीत भाकरीलाच बाटी म्हणतात. आमच्याकडे तांदळाची पांढरी, पातळ भाकरी, ही ज्वारीची, जाडसर आणि चुलीचा वास असलेली. दोन खाल्ल्या.

त्या आधी उन्हं असतानाच रामधनभाऊंनी मला नाल्यावर नेलं होतं. वस्तीपासून पंधरा मिनिटांवर नाल्यानं एक डोह केला आहे. पाण्यात पाणवनस्पती दाट. रामधनभाऊंनी धोतराचा काचा खोवला, आत उतरले आणि ओंजळीनं ती उचलून माझ्या थाळीत ठेवली. त्या हातांना सवय होती. एक पान मोडू दिलं नाही.

"पानाच्या खाले चिकटून राह्यते म्याडम. आता पाह्यसान तं गोया होऊन बसते. रातभर स्थिर ठेवा, सकायी आंग लांबवते."

मी थाळी ओट्यावर ठेवली आणि झोपले. सकाळी उठून पाहते तर थाळी कोरडी. शेजारच्यांची शेळी ओट्यावर उभी राहून शेवटचा देठ चावत होती. माझ्या तीस वर्षांच्या इच्छेचं रवंथ चाललं होतं. जमुनाबाई शेळीला हाकलत म्हणाल्या, "हिले तुमचा थो किडा पचन का बाई?" आम्ही पोट धरून हसलो. रामधनभाऊ शेतावर गेले होते. दुपारी पुन्हा डोहावर जायचं ठरलं.

आणि तोवर करायला काही नव्हतं, म्हणून मी ती गोष्ट केली.

विहीर

दाराशी विहिरीच्या पाण्यानं भरलेली बादली होती. मी ड्रॉपरनं त्यातला एक थेंब काचेवर घेतला, मोबाइल लावला, आणि आनंदानं ओरडलेच. तीन सायक्लॉप्स! पेरूच्या आकाराचं पारदर्शक अंग, कपाळावर एकच लाल डोळा, मादीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या. झटके देत पोहत होते. डोळ्यांना हे ठिपक्याएवढे दिसतात, पडद्यावर बोटभर.

"वहिनी, लवकर या! पाहा!"

जमुनाबाई आल्या. शेजारच्या पारबताबाई रिकामा गुंड, म्हणजे पाण्याची कळशी, कमरेवर घेऊन विहिरीकडे निघाल्या होत्या, त्याही डोकावल्या.

"ई काई छ?" जमुनाबाईंनी आपल्या बोलीत विचारलं.

"तुमच्या विहिरीचं पाणी आहे," मी म्हणाले. अगदी याच शब्दांत. "केवढे जीव आहेत यात, बघा तरी!"

पारबताबाईंनी पदर तोंडाला लावला. "बाप्पा! हे आपून पेतो?" आणि गुंड तसाच रिकामा घेऊन त्या मागे वळल्या.

जमुनाबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. मग बादली उचलून त्यांनी पाणी जास्वंदीच्या बुडाशी ओतून टाकलं आणि आत गेल्या. दुपारी जेवण वाढलं, नीट वाढलं. पण ताटाजवळ पाण्याचा पेला नव्हता. थोड्या वेळानं शेतावरून परतलेल्या रामधनभाऊंना त्यांनी मुकुटबनला पाठवलं. ते माझ्यासाठी दुकानातली पाण्याची बाटली घेऊन आले.

बाटलीचं झाकण उघडून मी ते पुन्हा लावून टाकलं.

डोहावर जायचा विषय कोणी काढला नाही. संध्याकाळी मी आणि रामधनभाऊ विहिरीकडे गेलो. घरामागच्याच वावरात आहे. दगडानं बांधलेली, काठ स्वच्छ, रहाटाचा दोर नवा. एरवी या वेळी तिथे सात-आठ बाया असतात म्हणे. आज कोणी नव्हतं. दूर रस्त्याकडच्या हापशीवर मात्र रांग लागलेली दिसत होती.

"हापशीच्या पान्यात दाय शिजत नाही म्याडम," रामधनभाऊ हळू म्हणाले. "खारं हाय. म्हून अर्धा तांडा इकडे येते. वीस-बावीस वर्सं झाली."

"मी काय करून बसले हो."

"तुमी खोटं काही बोलल्या नाही." ते काठावर बसले. "पन मी तिकडे होतो तवा ही विहीर जमुनानं खंदली. मायंवाला लहान भाऊ आन ते, दोघंच. मी शनवारी येवो आन पाहो, आनखी दोन हात खोल झाली. माती तिनं वर काढली, टोपल्यानं. पानी लागलं त्या दिवशी मी कॉलेजातच होतो. परीक्षा होती तुमची." ते थोडं हसले. "लोक या विहिरीले माह्या नावानं नाही बोलवत. जमुनाची विहीर म्हन्तात."

मला राळेगावच्या वावरातल्या त्या दोघी आठवल्या, पण आता उशीर झाला होता.

सकाळी मी लवकर उठून स्वयंपाकघराच्या दारात बसले. जमुनाबाई विहिरीवरून गुंड घेऊन आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी माठाच्या तोंडावर एक पांढरं फडकं पसरलं. जुन्या धोतराचं, चार पदरी घडी घातलेलं. त्यावरून पाणी हळूहळू ओतलं. मग फडकं उचललं, उलटं करून वेगळ्या पाण्यानं झाडाच्या बुडाशी झटकलं, पिळलं आणि उन्हात टाकलं.

मी पाहतच राहिले. माझी आई चिपळूणला नळाच्या तोंडाला असंच फडकं बांधायची, आणि मी बी.एस्सी. झाल्यावर तिला हसले होते.

"वहिनी, हे तुम्ही रोज करता?"

त्यांनी वाळत टाकलेल्या फडक्याच्या सुरकुत्या काढल्या.

"मी काल बादलीतलं पाणी घेतलं. माठातलं नाही घेतलं. मला माठातला एक थेंब द्याल?"

त्यांनी माठावरचं झाकण काढलं. मग ओगराळ्यानं पाणी काढून माझ्यासमोर धरलं. मी थेंब काचेवर घेतला. एक, दोन, पाच थेंब पाहिले. स्वच्छ. मग त्यांनी दुसरा गुंड गाळला, आणि फडकं धुण्याआधी मी त्याच्या कोपऱ्यातला ओलावा काचेवर टिपला. तिथे ते सगळे होते, एकेक लाल डोळ्याचे, अडकलेले आणि धडपडणारे.

"बघा. माठात एकही नाही. तुमच्या फडक्यानं सगळे अडवले."

जमुनाबाईंनी दोन्ही पाहिलं. चेहरा बदलला नाही.

"मंग हे कालच विचाराचं होतं नं बाई."

"हो. विचारायचं होतं. चुकलं माझं."

"माह्या मायनं शिकोलं हे. तिच्या मायनं तिले. पावसायात मी उकयूनच देतो पोराईले." त्यांनी ओगराळं खाली ठेवलं. "आमी काय जनावरं हाव का, दिसन थे पेवाले?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही. मी खरं तेही सांगितलं, की फडक्यातून अगदी बारीक जीव निसटतात, उकळणं सगळ्यात चांगलं, लहान मुलांसाठी तर बाराही महिने. त्यांनी मान हलवली. मग मी विचारलं, "माझ्याबरोबर पारबताबाईंकडे येता?"

"मी कोनाच्या दारी नाही जात सांगाले. तुमी बोलल्या, तुमीच जा."

बरोबर होतं ते.

पारबताबाईंचं अंगण

मी एका हातात माठातलं पाणी, दुसऱ्या हातात ओलं फडकं आणि गळ्यात सूक्ष्मदर्शकाची पिशवी, अशी गेले. पारबताबाई हरभऱ्याची भाजी खुडत बसल्या होत्या. शेजारच्या चार-पाच जणी जमल्या. मी माठातलं दाखवलं, फडक्यातलं दाखवलं. त्यांनी माना डोलावल्या, पण विहिरीकडे जायला कोणी उठलं नाही. एकदा डोळ्यांनी पाहिलेला किडा शब्दांनी पुसला जात नाही.

"पान्यात तं हायत नं पन," पारबताबाई म्हणाल्या. "शयरात असं नसन."

मग मी कुंपणाच्या कडुलिंबाची एक काडी मोडली, तिनं माझ्या दाढेच्या फटीतला मळ काढला, थेंबभर पाण्यात कालवला आणि घडीच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ताकद जास्त, म्हणून नीट जुळवायला दोन मिनिटं गेली. पडद्यावर माझ्या गालाच्या पेशी दिसू लागल्या, फरशीसारख्या चपट्या. त्यांच्या भोवती असंख्य ठिपके वळवळत होते.

"हे कुठचं?" एकीनं विचारलं.

"माझ्या तोंडातलं. पुण्याचं. मशीननं गाळलेलं पाणी पिते मी."

आधी कोणाचा विश्वास बसेना. मग पारबताबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अगं माय! म्याडमच्या तोंडात तं विहिरीपेक्षा जास्त हायत!" आणि जो हशा उठला, तो थांबेचना. एकीला आपलं तोंड दाखवायचं होतं, दुसरीला नको होतं. तंबाखू खाणारीच्या दाढेतले जास्त की कमी, यावर पैज लागली. तासभर मी तांड्याचे दात पाहत होते. असे फोटो मी जन्मात काढले नव्हते.

दुपारी कळलं की पारबताबाई विहिरीवर आल्या होत्या. त्यांच्यामागून आणखी तिघी. सगळ्या नाही आल्या. दोन घरं मी निघेपर्यंत हापशीवरच जात होती, आणि त्याचं काय करायचं ते मला अजून माहीत नाही. पारबताबाईंनी जमुनाबाईंना काही म्हटलं नाही. फक्त जाताना विचारलं, "फडकं कितीक पदरी घ्या लागते वं?"

"चार," जमुनाबाई म्हणाल्या. "धुतलेलं पाह्यजे."

जेवताना माझ्या ताटाशी पेला होता. दुकानातली बाटली त्यांनी कोपऱ्यात ठेवून दिली होती.

डोह

शेवटच्या दिवशी आम्ही तिघंही डोहावर गेलो. जमुनाबाई आपणहून निघाल्या. "शेयीनं काय खाल्लं थे तं पाहू," म्हणाल्या. लोणच्याची स्वच्छ काचेची बरणी घेतली होती. रामधनभाऊंनी तीत पाणी आणि वनस्पती भरली, बरणी सपाट दगडावर उन्हाकडे ठेवली आणि आम्ही गप्प बसलो. मधे मी जागा बदलायला उठले आणि शेवाळ्यावरून घसरून गुडघाभर पाण्यात गेले. चप्पल वाहून चालली होती, ती जमुनाबाईंनी काठीनं अडवली. पळसावर कुठलासा पक्षी टुकटुक करत होता. बाकी काही नाही.

अर्धा तास झाला. मला काही दिसेना. रामधनभाऊंनी चष्मा पुसून पुसून पाहिलं.

"हे दोऱ्यावानी लोंबून राह्यलं, थे का?" जमुनाबाई म्हणाल्या.

बरणीच्या काचेला आतून एक तपकिरी धागा चिकटला होता, नखापेक्षा लहान. टोकाला केसाहून बारीक हात पसरलेले. मी बरणीवरच भिंग धरलं.

तो होता. फळ्यावर काढायची तसा मुळीच नव्हता. माझी आकृती ताठ आणि रेखीव असायची, आणि हा पाण्यात झुलत होता. एक हात लांबवायचा, आखडायचा, पुन्हा लांबवायचा. कुशीला पिल्लू होतं, त्यालाही चार हात फुटलेले, आणि ते आईच्या अंगाला धरूनच आपले हात हलवून पाहत होतं. एवढ्यात एक सायक्लॉप्स पोहत आला, हातांना लागला आणि थिजला. हायड्रानं तो हळूच तोंडाशी नेला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पडदा दिसेना. तीस वर्षांच्या माझ्या विद्यार्थ्यांना मी मनातल्या मनात म्हटलं, अरे, असा असतो तो.

मी मोबाइल जमुनाबाईंच्या हाती दिला. त्या किती वेळ पाहत होत्या, सांगता येत नाही. मग त्यांनी तो रामधनभाऊंपुढे धरला. त्यांनी एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाले, "हाव. हाच थो. याचं पिल्लू उद्या-परवा सुटन. आधी बूड बारीक होते."

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं. पुस्तकात आहे ते, पण त्यांनी ते पुस्तकातल्यासारखं सांगितलं नव्हतं.

ते संकोचले. "सोमवारी गावाकडून येताना बाटलीत पानी नेत जावो म्याडम. सकायी पोट्टे यायच्या आधी, मायक्रोस्कोप पुसता पुसता पाहो. रोज अर्धा घंटा. साहेब लोकाईले कायले सांगा, म्हून नाही सांगतलं."

ज्या टेबलावर मी मुलांना मेलेला हायड्रा दाखवत होते, त्याच टेबलावर दोन तास आधी जिवंत हायड्रा असायचा.

जमुनाबाई नवऱ्याकडे वळल्या. आपसात ते गोरबोलीतच बोलत, पण हे त्या मराठीत म्हणाल्या. कदाचित मलाही ऐकवायचं असेल.

"इतकी वर्सं तुमी हे पाह्यत होते? आन मले वाटे, तुमी तिकडे नुसत्या काचा पुसून राह्यले. मी इथं माती उपसो आन म्हनो, मानसाचा जलम काचा पुसन्यात चालला."

"तुले सांगतलं असतं तं तू म्हनली असती, वावर सोडून किडे पाह्यते."

"म्हनली असती," जमुनाबाई म्हणाल्या. "पन सांगाचं होतं."

ऊन उतरायला लागलं होतं. जमुनाबाईंनी बरणी उचलली, पाण्यात उतरल्या आणि जिथून वनस्पती काढली होती तिथेच ती तिरकी करून हळूहळू रिकामी केली. काचेला चिकटलेला तो धागा त्यांनी बोट न लावता, पाण्याच्या लाटेनंच सोडवला.

परतताना पायवाट अरुंद होती. ते दोघं पुढे, मी ओली चप्पल हातात घेऊन मागे. थोडं चालल्यावर जमुनाबाई काहीतरी म्हणाल्या. त्यातलं मला "काई काई" एवढंच कळलं. काय काय पाहिलं, असं विचारत असाव्यात. रामधनभाऊ आधी थोडे अडखळले. मग बोलू लागले. गोरबोलीतच बोलत होते. मधूनच "स्लाइड", "पॅरामिशियम", एकदा "म्याडम" असे शब्द ऐकू यायचे. बोलता बोलता त्यांचे हात वर यायचे, बोटं हवेत पोहायची, आखडायची, लांबायची. जमुनाबाई प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणत होत्या, आणि ते थांबले की पुन्हा काहीतरी विचारत होत्या.

तांडा जवळ आला तेव्हा त्या दोघांनी घराकडची वाट धरली नाही. न ठरवताच ते वावराला वळसा घालणाऱ्या लांबच्या वाटेला लागले. मी अंतर ठेवून त्यांच्या मागे चालत राहिले.